विषण्णतेवर चुंबकाचा उपचार

आपल्या घरांतून दुखण्यांस नांवें भरपूर आहेत. मुलास गोवर आला, म्हाताऱ्यांस संधिवातानें धरलें, सुनेस अशक्तपणा आला, तर घरांतील चार माणसें चार उपाय सुचवितात आणि पांचवें डॉक्टरांकडे धांवतें. पण एखादें माणूस हळूहळू निवत गेलें, त्याची भूक गेली, झोंप गेली, बोलणें गेलें, तर त्यास आपण दुखणें म्हणत नाहीं. 'मनाला लावून घेतलें आहे', 'हाय खाल्ली आहे', 'अलीकडे स्वभावच तसा झाला आहे' असें म्हणून आपण मोकळे होतों. आणि ह्या बोलण्यांत तें माणूस स्वतःही सामील होतें, हें त्यांतलें अधिक वाईट. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतींत आमच्या घरीं असेंच वर्षभर चाललें होतें. त्या बऱ्या कशा झाल्या, आणि कितपत बऱ्या झाल्या, हें लिहावें असें त्यांनींच मला सुचविलें. नांव मात्र कोठें येऊं नये अशी त्यांची अट आहे. मी त्यांस ताई म्हणतें, तेंच येथें ठेवतें.

ताई ह्या घराचा कारभार तीस वर्षें पाहात आल्या. चैत्रांतलें हळदीकुंकू, चातुर्मासांतले नेम, सासूबाईंचीं पथ्यें, न्यू जर्सीस मुलाकडे जावयाचा दिवाळीच्या फराळाचा डबा, सर्व त्यांस तोंडपाठ. २०२३ च्या दिवाळीनंतर, वयाच्या ५६ व्या वर्षीं, त्यांच्या हातून हें एकेक निसटत चाललें. प्रथम वर्तमानपत्रांतलें शब्दकोडें राहिलें, मग शेजारीं जाणें राहिलें, मग स्वयंपाकघरांत येणें राहिलें. पहाटे तीनला जाग येई व उजाडेपर्यंत त्या गॅलरींत बसून राहात. वजन नऊ किलोंनीं उतरलें. आमच्या नेहमींच्या डॉक्टरांनीं रक्त तपासलें, थायरॉइड तपासलें, सर्व ठीक निघालें, तेव्हां 'हवापालट करा' असें सांगितलें. त्याप्रमाणें दापोलीस नेलें. तेथें समुद्राकडे पाठ करून त्या खोलींत निजून राहिल्या. एकदां मी पोळ्या लाटीत होतें आणि त्या दारांत उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, सगळ्यांना वाटतं मला कसलं तरी दुःख आहे. दुःख असतं तर बरं झालं असतं. मला कांहींच वाटत नाहीं."

फाल्गुनांत त्यांस मानसरोगतज्ज्ञांकडे नेलें. पहिल्या औषधानें तोंडास कोरड पडे व दिवसभर झांपड येई, पण मनांत कांहीं हललें नाहीं. दुसऱ्यानें झोंप थोडी सुधारली, एवढेंच. दोन्ही औषधें पुऱ्या मात्रेंत व पुरे दिवस घेऊन झालीं होतीं. पुढें भाद्रपदांत, पितृपंधरवड्यांत, चादरी काढतांना ताईंच्या कपाटांत त्यांच्या हातचा एक कागद सांपडला. गोठ कोणास द्यावे, पाटल्या कोणास, मोत्यांच्या कुड्या कोणास, असें त्यावर ओळीनें लिहिलें होतें. अक्षर नेहमींप्रमाणें सुरेख होतें. त्याखालीं दुसरें कांहीं नव्हतें. त्या रात्रीं घरांत कोणी निजलें नाहीं. भाच्या-पुतण्यांपैकीं कोणी तरी १४४१६ हा क्रमांक सांगितला. केंद्र सरकारनें २०२२ पासून टेलि-मानस या नांवानें ही दूरध्वनीची सोय केली आहे. तेथें मराठी बोलणाऱ्या एक बाई भेटल्या. 'त्यांना एकट्यांना ठेवूं नका, औषधांचा सांठा आपल्या ताब्यांत घ्या, आणि उद्यांचा दिवस टाळूं नका' असें त्यांनीं शांतपणें सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं तो कागद डॉक्टरांपुढें ठेवला. त्यांनीं ताईंसच सरळ विचारलें, 'जीव द्यावा असें मनांत येतें का?' ताईंनीं तितक्याच सरळपणें सांगितलें, "येतं. पण करवत नाहीं." घरांत वर्षभर जो प्रश्न कोणाच्या ओठांवर आला नव्हता तो अशा रीतीनें अर्ध्या मिनिटांत विचारून झाला, आणि त्यानें छप्पर कोसळलें नाहीं, उलट ताईंच्या खांद्यांवरचा ताण थोडा सैल झालेला मीं पाहिला.

डॉक्टरांनीं दोन वाटा दाखविल्या. पहिली विजेच्या उपचाराची. 'शॉक' हा शब्द ऐकतांच दादा, म्हणजे माझे थोरले दीर, उठून उभे राहिले. सिनेमांतून पाहिलेलीं चित्रें आपल्या मनांत किती खोल बसलेलीं असतात! वस्तुतः रोम येथें चेर्लेटी व बिनी या डॉक्टरांनीं १९३८ सालीं सुरू केलेला तो उपचार आज पूर्ण भूल देऊन व स्नायू शिथिल करूनच करतात. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें भुलीवांचून तो करण्यास बंदीच केली आहे. रोगी अन्नपाणी टाकून बसला असेल, किंवा जिवास तात्काळ धोका असेल, तर त्याच्याइतका खात्रीचा उपाय दुसरा नाहीं, असें डॉक्टरांनीं बजावून सांगितलें. "ताईंची प्रकृति त्या टोंकास गेली तर मी तुमची परवानगी मागत बसणार नाहीं, आग्रहच धरीन. पण त्या अजून दोन घांस खातात, आपण होऊन बोलतात, आणि घरांत चोवीस तास माणूस आहे. तेव्हां आधीं दुसरी वाट पाहूं." ही दुसरी वाट म्हणजे चुंबकाची. तिचें नांव ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन असें लांबलचक आहे. दवाखान्यांत सर्व जण टी. एम. एस. म्हणतात. तींत भूल नाहीं, सुई नाहीं, कापाकापी नाहीं, आणि फिट आणावी लागत नाहीं. रोगी जागा असतो, खुर्चींत बसून असतो, आणि उठून घरीं येतो.

घरीं यावर मोठी सभा झाली. सासूबाई म्हणाल्या, "डोक्याला चुंबक? उद्यां हिचं डोकं कपाटाला चिकटेल!" दादांनीं बँकेंत हयात घालविलेली; त्यांस टक्केवारी हवी होती. मुलगा न्यू जर्सीहून फोनवर सांगे कीं अमेरिकेंत २००८ पासून ह्यास सरकारी मान्यता आहे, आतां विचार कसला करतां? ताईंस विचारलें तर म्हणाल्या, "न्या कुठंही. मला काय!" ही संमति खरी मानावी कीं काय, असा प्रश्न मला पडला होता. डॉक्टरांनाही पडला असावा. कारण त्यांनीं दोन दिवसांनीं पुन्हां एकदां सर्व समजावून सांगून मगच सही घेतली.

पहिल्या दिवशीं चौकशी बारकाईनें झाली. डोक्यांत धातूचा तुकडा, कानांत बसविलेलें यंत्र, हृदयाची गति राखणारें यंत्र, पूर्वीं कधीं आलेली फिट, यांपैकीं कांहीं असेल तर हा उपचार बहुधा करीत नाहींत. मग ताईंस कुड्या, केसांतल्या पिना आणि चष्मा काढावयास सांगितलें. कुड्या काढतांना त्यांचे हात अडखळले. त्या आपण होऊन कधींच उतरलेल्या नव्हत्या. मीं त्या रुमालांत बांधून हातांत धरल्या. आवाजानें त्रास होऊं नये म्हणून कानांत मऊ बोळे घातले. तेथील मुलीनें इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखें एक जाड वेटोळें ताईंच्या डोक्याच्या डाव्या बाजूस, कानाच्या चार बोटें वर, टेकविलें. 'टक्' असा आवाज झाला, आणि ताईंच्या उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडाला.

"मी नाहीं हं हलवला!" ताई म्हणाल्या.

एवढ्या महिन्यांत त्यांच्या तोंडून अगत्यानें बाहेर पडलेलें हें पहिलें वाक्य. त्या आपल्या अंगठ्याकडे पाहात राहिल्या. मुलीनें पुन्हां कळ दाबली. अंगठा पुन्हां उडाला. चुंबकाचा किती जोर लावला म्हणजे दहांतून पांच वेळां अंगठा हलतो, तें अशा रीतीनें ठरवितात. प्रत्येक माणसाचा हा आंकडा निराळा असतो, आणि त्यावरून पुढील उपचाराची मात्रा ठरते. मला त्या क्षणीं मात्रेचें कांहीं वाटलें नाहीं. जें दुखणें घरांतलीं सर्व माणसें 'मनावर घेऊं नकोस' म्हणून उडवून लावीत होतीं तें ज्या मेंदूंत होतें, तो मेंदू येथें कवटीबाहेरून, कातडीस ओरखडाही न काढतां, कोणी तरी हलवून दाखवीत होतें.

ह्याची मूळ युक्ति फार जुनी आहे. लंडनच्या मायकेल फॅरडे यांनीं १८३१ त दाखवून दिलें कीं चुंबकाचा जोर बदलत असला म्हणजे जवळच्या वाहकांत विजेचा प्रवाह उत्पन्न होतो. आपल्या घरीं येणारी वीज ज्या जनित्रांत तयार होते, त्याचेंही तत्त्व तेंच. त्या वेटोळ्यांतून हजारों अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ सोडतात. त्यानें उठणारें चुंबकक्षेत्र एम. आर. आय. च्या यंत्राच्या तोडीचें असतें, पण क्षणभराचें आणि तळहाताएवढ्या जागेपुरतें. हाड विजेस अडवितें, म्हणून बाहेरून वीज लावली तर कातडीस चटके बसतात; चुंबकास हाड व हवा सारखींच. तो कवटींतून सरळ आंत जातो आणि मेंदूच्या वरच्या थरांत, सुमारें दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत, सूक्ष्म प्रवाह उठवितो. त्यासरशीं तेथल्या मज्जापेशी जाग्या होतात. इंग्लंडांतील शेफील्ड येथें अँथनी बार्कर यांनीं १९८५ सालीं अशा यंत्रानें प्रथम माणसाचा हात हलवून दाखविला. त्यांच्या मनांत खिन्नतेचा उपचार नव्हता. मेंदूपासून हातापायांपर्यंतची मज्जातंतूंची वाट शाबूत आहे कीं नाहीं हें तपासण्याचें साधन त्यांस हवें होतें. पुढें १९९० नंतरच्या दशकांत, विषण्णतेच्या रोग्यांत डाव्या कपाळामागील भागाचें काम मंदावलेलें मेंदूच्या चित्रांतून दिसूं लागलें, आणि अमेरिकेंत मार्क जॉर्ज यांनीं १९९५ त तो भाग चुंबकानें रोज थोडथोडा चाळवून पाहिला. मेंदूच्या अगदीं आंत, चुंबक पोंचूं शकत नाहीं अशा ठिकाणीं, दुःखाशीं संबंध असलेलीं जीं केंद्रें आहेत, त्यांच्याशीं ह्या भागाचें दळणवळण आहे. वरच्या माडीवर दार ठोठावलें कीं तळमजल्यावर ऐकूं जावें, तसें कांहीं तरी होत असावें असा त्यांतला तर्क आहे.

म्हणून अंगठ्याची जागा सांपडल्यावर तेथून वेटोळें पांच-सहा सेंटिमीटर पुढें, कपाळाकडे सरकवितात, आणि खरा उपचार तेथें होतो. आठवड्यांतून पांच दिवस, सहा आठवडे, मिळून तीस खेपा. जुन्या पद्धतींत एका खेपेस ३७ मिनिटें लागत व ३,००० ठोके देत. नव्या पद्धतींत तीन-तीन ठोक्यांचे झपाट्याचे जुडगे देऊन ६०० ठोक्यांत, म्हणजे अवघ्या तीन मिनिटांत काम आटोपतें. कॅनडांत ४१४ रोग्यांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, त्याचा निकाल २०१८ त 'लॅन्सेट' मध्यें आला: जुन्या पद्धतीनें शेंकडा ४७ रोग्यांचें दुखणें निम्म्यावर आलें, नव्या पद्धतीनें ४९, पूर्ण बरे झालेले अनुक्रमें २७ व ३२. आम्हांस तीन मिनिटांचीच दिली. कोथरूडाहून कॅम्पांत रिक्षानें पाऊण तास, परत पाऊण तास, आणि मध्यें तीन मिनिटें! दादांस हें फार खुपलें. खेपेस दीड हजार रुपये, म्हणजे मिनिटास पांचशें, असा त्यांनीं हिशेब केला.

ह्या तीस खेपांस ताईंबरोबर मी जात असें. सुतारपक्ष्यानें खोडावर टोचे मारावे तसा तो आवाज. पहिले कांहीं दिवस ठोक्यासरशीं त्यांची डावी भुंवई थरथरे आणि दुपारीं डोकें दुखे. साध्या गोळीनें तें थांबे. फिट येण्याचा धोका अगदीं क्वचित, पण आहे. म्हणून खोलींत त्याची तयारी ठेवलेली असते. बाहेरच्या बांकांवर रोज भेटणारीं चार-सहा माणसें होतीं. स्पर्धापरीक्षेस बसणारा एक मुलगा आणि त्यास घेऊन येणारे त्याचे शेतकरी वडील. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनीं आलेली एक तरुण बाई, तिचें बाळ तिची आई सांभाळीत बसे. एकमेकांचें नांव-गांव विचारावयाचें नाहीं, असा तेथें न ठरवितांच ठरलेला नियम होता. पण बाळ रडूं लागलें म्हणजे सर्वांच्या पिशव्यांतून कांहीं ना कांहीं खुळखुळणारें बाहेर येई.

दुसरा आठवडा संपला तरी फरक दिसेना. ताईंनीं एके सकाळीं पांघरुणांतून बाहेर येण्याचेंच नाकारलें. सासूबाई म्हणाल्या, "पुरे झालं आतां. त्यापेक्षां एकदां नरसोबाच्या वाडीला जाऊन या." वाडीस जाण्यास कोणाचीच हरकत नव्हती, पण खेपा मध्येंच सोडल्या तर केल्या त्याही फुकट, हें डॉक्टरांनीं आधींच सांगून ठेवलें होतें. बहुतेकांस फरक कळतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून. त्या सकाळीं दादा ताईंच्या पलंगाशीं खुर्ची घेऊन बसले. हिशेब विसरून म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हणून येऊं नकोस. मला बरं वाटावं म्हणून चल." त्या दिवशीं रिक्षांत आम्ही तिघें होतों.

चौथ्या आठवड्यांत एका सकाळीं मीं पाहिलें तों ताई पांच वाजेपर्यंत निजलेल्या. त्यानंतर दोन दिवसांनीं जेवतांना त्यांनीं आमटीचा भुरका घेतला आणि कपाळास आंठी घालून म्हणाल्या, "गूळ कुणी घातला? इतका?" पंक्तींतलीं सर्व माणसें जेवतां जेवतां थांबलीं. घरांत एरवीं माझ्या स्वयंपाकास नांव ठेवलेलें मला खपत नाहीं. त्या दिवशीं मात्र मीं तें वाक्य सणासारखें साजरें केलें. पुढें हळूहळू एकेक परत आलें, पण गेलें त्याच क्रमानें नव्हे. भाजीवाल्याशीं घासाघीस आधीं आली, देवपूजा नंतर आली, आणि शब्दकोडें अजून आलेलें नाहीं.

येथें आंकडाही सांगितला पाहिजे, नाहीं तर वाचकांस वाटेल कीं मी जाहिरात लिहितें आहें. मॅक्स हॅमिल्टन यांनीं १९६० त तयार केलेली एक प्रश्नावली आहे. तिनें विषण्णतेची खोली मोजतात. आरंभीं ताईंचे गुण २४ होते, तीस खेपांनंतर ११ झाले. निम्म्याहून खालीं आले म्हणजे उपचार लागू पडला असें समजतात. पण सातांवर किंवा त्याखालीं आले तरच रोग हटला असें म्हणतात. म्हणजे शास्त्राच्या भाषेंत ताईंस गुण आला, पण त्या बऱ्या झाल्या नाहींत. घरच्या भाषेंत सांगावयाचें तर आमच्या ताई आम्हांस परत मिळाल्या, फक्त अधूनमधून खिडकीशीं बसणाऱ्या.

आतां, हा गुण चुंबकाचाच कशावरून? औषध चालूच होतें. रोज घराबाहेर पडणें झालें, ऊन लागलें, कोणी तरी रोज 'काल झोंप कशी होती?' म्हणून विचारूं लागलें. ह्यानेंही माणूस सावरतें. ही शंका दादांची, आणि ती रास्त आहे. म्हणूनच चांचणी घेतांना कांहीं रोग्यांस खोटें वेटोळें लावतात. तें आवाज करतें, टोचल्यासारखें करतें, पण मेंदूपर्यंत कांहीं पोंचवीत नाहीं. अमेरिकेंत अशी एक चांचणी १९० रोग्यांवर झाली व २०१० त प्रसिद्ध झाली. तींत खऱ्या वेटोळ्यानें शेंकडा १४ रोगी पूर्ण बरे झाले, खोट्यानें ५. फरक आहे, आणि तो योगायोगाचा नव्हे. पण शंभरांतले चौदा म्हणजे सर्व नव्हेत, हेंही त्याच कागदावर लिहिलेलें आहे. ज्यांनीं दोन-तीन औषधें करून पाहिलीं आणि गुण आला नाहीं, अशांवरचा हा हिशेब आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो आंकडा लहान वाटत नाहीं. दादांपुढें मीं हा हिशेब मांडला तेव्हां ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बँकेनं याच्याहून वाईट कर्जं दिलीं आहेत."

ताई सुधारल्यावर न्यू जर्सीहून मुलानें आणखी एका उपकरणाची माहिती पाठविली. कानास चिमटा लावावयाचा, त्यांतून मंद वीज सोडावयाची, आणि घरबसल्या मन हलकें करावयाचें! ह्या गोष्टीमागें विज्ञान नाहीं असें नाहीं. मेंदूंतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकीं दहावीस व्हेगस म्हणतात. लॅटिन भाषेंत त्या शब्दाचा अर्थ भटक्या. तो मानेंतून उतरून हृदय, फुप्फुसें, जठर, आंतडीं असा सर्वत्र हिंडतो, आणि त्याचे सुमारें चार-पंचमांश तंतु हुकूम खालीं नेण्याऐवजीं शरीराची बातमी वर मेंदूकडे नेतात. त्याची एक लहानशी फांदी कानांत येते. कान कोरतांना कांहीं जणांस एकाएकीं खोकल्याची उबळ येते, ती हिच्यामुळेंच. आर्नोल्ड नांवाच्या जर्मन शारीरशास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत ही फांदी दाखवून दिली. गळ्यांतल्या मूळ तंतूस तार गुंडाळून छातींत यंत्र बसविण्याची शस्त्रक्रिया अपस्मारासाठीं १९८८ पासून होऊं लागली. फिट्स फारशा कमी न होतांही मन उल्हसित झाल्याचें कांहीं रोग्यांत आढळलें, तेव्हां २००५ त अमेरिकेनें हट्टी विषण्णतेसाठींही तिला मान्यता दिली. परंतु अलीकडे तेथेंच सुमारें पांचशें रोग्यांवर जी मोठी चांचणी झाली, तींत मुख्य कसोटीवर चालू यंत्र व बंद यंत्र यांत निश्चित फरक दिसला नाहीं. दुय्यम कसोट्यांवर मात्र दिसला. शस्त्रक्रियेची ही स्थिति, तर कानाच्या चिमट्याची काय असणार? त्यावरील प्रयोग, ज्यांतले पुष्कळसे चीनमधले आहेत, बहुतांशीं लहान आहेत. आशा वाटावी इतपत त्यांत आहे, घरचें औषध बंद करावें इतपत नाहीं. आमच्या डॉक्टरांनीं तर स्पष्ट सांगितलें कीं चांचणींत सामील होऊन कोणी हा चिमटा लावीत असेल तर अवश्य लावावा. जाहिरात वाचून मागवूं नये.

ही चर्चा चालू असतां दादांच्या व्हॉट्सॲपवर एक लेख आला. शौचास जातांना जानवें उजव्या कानास गुंडाळण्याच्या चालींत आपल्या पूर्वजांनीं हेंच व्हेगसचें शास्त्र सांठविलें आहे, असें त्यांत होतें. दादांनीं तो मोठ्यानें वाचून दाखविला. ताई निवडत असलेल्या तांदुळांवरून मान वर न करतां म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यावर साठ वर्षं दिवसांतून चार वेळां हा उपचार झालाय. मग रोज सकाळीं दुधावरून चिडतां कशाला?" उजव्या कानाच्या पावित्र्याविषयीं धर्मशास्त्रांत वचनें आहेत, तीं मला मान्य आहेत, तीं विजेच्या चिमट्यासाठीं लिहिलेलीं नाहींत, इतकेंच. शिवाय हृदयाची गति ठरविणारे तंतु उजव्या बाजूस अधिक, म्हणून सावधगिरीनें हे प्रयोग करणारे बहुधा डावा कान निवडतात. दादांनीं तो लेख पुढें कोणास पाठविला नाहीं, असें मला खात्रीलायक कळलें आहे.

२०२५ च्या भाद्रपदांत ताईंची पहांटेची जाग पुन्हां सुरू झाली. ह्या वेळीं त्यांनीं स्वतःच आठ दिवसांत सांगितलें, "तें परत येतंय बहुतेक." गुण १६ वर गेले होते. आणखी दहा खेपा घेतल्या, औषधाची मात्रा थोडी वाढविली, आणि दसऱ्यापर्यंत गुण ९ वर आले. अशा उलटींत पूर्वीं ज्यास गुण आला त्यास पुन्हां येण्याचा संभव बरा असतो, असें डॉक्टर म्हणाले. त्यानंतर महिन्यांतून एकदां त्यांस दाखवावयास जाण्याचा नेम ठेवला आहे. तो दागिन्यांचा कागद ताईंनीं माझ्याकडून मागून घेतला. फाडला नाहीं, वहींत ठेवला आहे. म्हणतात, "वांटणी बरोबरच केली होती. असूं दे."

रिक्षा आतां बंद केली आहे. वनाझच्या मेट्रोचा जिना एके काळीं त्यांस डोंगरासारखा वाटे. हल्लीं त्या तेथूनच जातात, कुड्या घरीं डबींत ठेवून. पुढची फेरी येत्या गुरुवारीं आहे. त्याच वेळीं सासूबाईंचे डोळे दाखवावयाचे असल्यामुळें मला त्यांच्याबरोबर जावें लागेल. तेव्हां ताई एकट्याच जातील, आणि परततांना मंडईस उतरून सुरण आणावयास मीं त्यांस सांगितलें आहे.